घटक ४ : रोझा पेतेर – पुनरावर्तनाच्या अभ्यासाला वाहिलेले आयुष्य

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• गणितज्ञ रोझा पेतेर यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय होईल;
• संगणकाच्या आज्ञावलीत लूप न वापरता पुनरावृत्ती कशी साधता येते, हे उदाहरणांसह सांगता येईल;
• मर्यादित फेऱ्यांचे लूप कोठे अपुरे पडतात, हे समजेल;
• एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिताना त्याचा विषय आणि त्याचे आयुष्य यांची सांगड कशी घालावी लागते, याचा विचार करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना राजे, संत, समाजसुधारक आणि साहित्यिक यांची चरित्रे आपल्या डोळ्यांसमोर चटकन येतात. गणितज्ञाचे चरित्र मात्र क्वचितच वाचले जाते. गणितज्ञाच्या आयुष्यात घडते ते बहुधा कागदावर आणि मनात. त्यात सांगण्यासारखे काय असणार, असा आपला समज असतो. प्रस्तुत घटकात आपण ज्या स्त्रीचा परिचय करून घेणार आहोत, तिचे आयुष्य हा समज दूर करण्यास पुरेसे आहे.

रोझा पेतेर या हंगेरियन गणितज्ञ. जन्म १९०५, मृत्यू १९७७. पुनरावर्ती फलनांचा सिद्धान्त ही गणिताची स्वतंत्र शाखा म्हणून उभी करणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. आपण भ्रमणध्वनीवर एखादे उपयोजन उघडतो, तेव्हा त्यामागील आज्ञावलीत कोठे ना कोठे पुनरावर्तनाचे तत्त्व वापरलेले असते. या तत्त्वाची शक्ती किती आणि मर्यादा कोणत्या, याचा पद्धतशीर शोध पेतेर यांनी आजच्यासारखे संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीच घेतला होता.

आपण मराठीचे विद्यार्थी आहात. गणित सोडून आपणांस कदाचित बरीच वर्षे झाली असतील. त्यामुळे या घटकात सूत्रांचा भार ठेवलेला नाही. जेथे हिशेब आहे तेथे तो कागद-पेन्सिल घेऊन सावकाश करून पाहावा, एवढीच विनंती.

४.२ बालपण आणि शिक्षण

रोझा यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९०५ रोजी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. कुटुंबाचे मूळ आडनाव पोलित्सर. हे आडनाव जर्मन वळणाचे असल्याने पुढे १९३० च्या दशकात त्यांनी पेतेर हे हंगेरियन आडनाव स्वीकारले. हंगेरियन भाषेत आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. म्हणून त्यांच्या देशात त्या पेतेर रोझा या नावाने ओळखल्या जातात. रोझा या शब्दाचा अर्थ गुलाब.

१९२२ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी बुडापेस्टच्या विद्यापीठात रसायनशास्त्रासाठी प्रवेश घेतला. तेथे लिपोत फेयेर यांच्यासारखे नामवंत गणितज्ञ शिकवीत होते. त्यांच्या व्याख्यानांचा प्रभाव असा पडला, की रोझा यांनी रसायनशास्त्र सोडून गणिताची वाट धरली. याच विद्यापीठात त्यांना लास्लो काल्मार हे सहाध्यायी भेटले. दोघे एकाच वर्षी जन्मलेले. ही मैत्री रोझा यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. ते कसे, हे आपण पुढे पाहणार आहोत.

१९२७ मध्ये त्यांनी पदवी मिळविली. परंतु कायमस्वरूपी नोकरी मिळाली नाही. खासगी शिकवण्या घेणे आणि शाळांमध्ये तात्पुरत्या जागेवर शिकवणे, यांवर त्यांचा चरितार्थ चाले. पहिली नियमित नोकरी त्यांना मिळाली ती १९४५ मध्ये, म्हणजे पदवीनंतर अठरा वर्षांनी. आपण पुढे ज्या संशोधनाविषयी वाचणार आहोत, त्यातील महत्त्वाचा भाग या अठरा वर्षांतला आहे, हे ध्यानात ठेवावे.

४.३ गणितापासून दूर आणि पुन्हा गणिताकडे

पदवीनंतर रोझा यांनी संख्याशास्त्रात, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासात संशोधन सुरू केले. काही निष्कर्ष हाती आले. नंतर त्यांच्या लक्षात आले, की हेच निष्कर्ष इतर गणितज्ञांनी आधीच सिद्ध करून प्रसिद्धही केले आहेत. संशोधनात असे घडते आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. तरीही स्वतःच्या बळावर, कोणत्याही संस्थेच्या आधारावाचून काम करणाऱ्या तरुण व्यक्तीला हा आघात फार मोठा असतो. रोझा यांनी गणित बाजूला ठेवले आणि त्या कवितालेखनाकडे व अनुवादाकडे वळल्या.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा टप्पा दुर्लक्षू नये. साहित्य हा त्यांच्या दृष्टीने पराभवानंतरचा आडोसा नव्हता. भाषेची आवड त्यांना आयुष्यभर राहिली, आणि पुढे सामान्य वाचकासाठी लिहिताना ती त्यांच्या उपयोगी पडली.

१९३० च्या सुमारास काल्मार यांनी त्यांना पुन्हा गणिताकडे वळविले. त्या काळी कुर्ट गोडेल या तरुण तर्कशास्त्रज्ञाच्या शोधाने गणिताचे विश्व हादरले होते. अंकगणितासाठी कोणतीही सुसंगत नियमव्यवस्था आखली, तरी तिच्यात सिद्धही न होणारी आणि खोडूनही न काढता येणारी विधाने राहतातच, हे गोडेल यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. या सिद्धतेत त्यांनी एका विशिष्ट प्रकारची फलने वापरली होती. काल्मार यांनी रोझा यांचे लक्ष या फलनांकडे वेधले. गोडेल यांच्यासाठी ती एक साधन होती. रोझा यांना त्यांच्यात स्वतंत्र अभ्यासाचा विषय दिसला. १९३२ मध्ये झ्युरिक येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांनी या विषयावरील आपले काम मांडले आणि १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

४.४ लूप आणि पुनरावर्तन

या फलनांचे स्वरूप समजून घेण्यासाठी आपण आजच्या संगणकाचे उदाहरण घेऊ. समजा, १ पासून १०० पर्यंतच्या संख्यांची बेरीज करावयाची आहे. प्रचलित पद्धत अशी: बेरीज ठेवण्यासाठी एक जागा घ्यावी आणि तिच्यात ० लिहावे. मोजणीसाठी दुसरी जागा घ्यावी आणि तिच्यात १ लिहावे. मोजणीतील संख्या बेरजेत मिळवावी, मोजणी एकाने वाढवावी, आणि १०० ओलांडेपर्यंत हेच करीत राहावे. या फेऱ्याला संगणकाच्या परिभाषेत लूप म्हणतात. येथे आपण यंत्राला काय करावयाचे ते पायरीपायरीने सांगतो, आणि दोन्ही जागांतील मजकूर प्रत्येक फेरीत बदलत जातो.

आता दुसरी पद्धत पाहा. येथे आपण केवळ दोन विधाने करतो. एक: ० पर्यंतची बेरीज ० असते. दोन: कोणत्याही संख्येपर्यंतची बेरीज म्हणजे तिच्या आधीच्या संख्येपर्यंतची बेरीज अधिक ती संख्या. एवढे पुरेसे आहे. १०० पर्यंतची बेरीज विचारली, की उत्तरासाठी ९९ पर्यंतची बेरीज लागते. तिच्यासाठी ९८ पर्यंतची. अशा रीतीने प्रश्न लहान होत होत ० पर्यंत पोहोचतो. तेथे उत्तर आधीच दिलेले आहे. मग प्रत्येक पायरी आपली संख्या मिळवीत मागे फिरते आणि ५०५० हे उत्तर हाती येते. कोठेही फेरा लिहिलेला नाही. व्याख्येतच ती व्याख्या पुन्हा येते. यालाच पुनरावर्तन म्हणतात.

पंचतंत्र वाचलेल्या विद्यार्थ्याला ही रचना अपरिचित वाटू नये. तेथे एक पात्र गोष्ट सांगू लागते, त्या गोष्टीतील पात्र दुसरी गोष्ट सांगते, आणि बाहेरची गोष्ट थांबून राहते. आतील गोष्ट संपली, की थांबलेली गोष्ट जेथे सोडली होती तेथून पुढे चालू होते. संगणकही अपुऱ्या राहिलेल्या पायऱ्यांची नोंद स्मृतीत एकावर एक रचून ठेवतो आणि शेवटची रचलेली नोंद प्रथम उचलतो. सर्वांत आतील गोष्ट कोठे तरी संपलीच पाहिजे, हे पथ्य मात्र पाळावे लागते. ० पर्यंतची बेरीज ० हे पहिले विधान गाळले, तर गणना कधीच संपणार नाही.

४.५ आधीच्या एका उत्तराहून अधिक

बेरजेच्या उदाहरणात प्रत्येक पायरीला फक्त लगतच्या आधीच्या उत्तराची गरज होती. या साध्या प्रकाराला आदिम पुनरावर्तन म्हणतात. ही संज्ञा रूढ होण्यात पेतेर यांचा वाटा आहे. परंतु काही ठिकाणी एकापेक्षा अधिक जुनी उत्तरे लागतात. याचे उत्तम उदाहरण आपल्या छंदःशास्त्रात आहे.

आपणांस ठाऊक आहे, की लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. मग चार मात्रांचा चरण लघु-गुरूंच्या किती रचनांनी भरता येईल? शेवटचे अक्षर लघू असेल, तर त्याआधी तीन मात्रा भरावयाच्या राहतात. गुरू असेल, तर दोन. म्हणून चार मात्रांच्या रचना म्हणजे तीन मात्रांच्या रचना अधिक दोन मात्रांच्या रचना. एका मात्रेची १, दोन मात्रांच्या २, तीन मात्रांच्या ३, चार मात्रांच्या ५, पाच मात्रांच्या ८, असा हा क्रम चालतो. प्राकृत छंदांचा अभ्यास करणारे विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी हा नियम सांगितला होता. युरोपात हाच क्रम १२०२ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या फिबोनाची यांच्या नावाने ओळखला जातो.

येथे प्रत्येक उत्तरासाठी आधीची दोन उत्तरे लागतात. काही व्याख्यांत तर आधीची सर्वच उत्तरे लागू शकतात. मग हे पुनरावर्तन साध्या प्रकाराहून अधिक शक्तिमान आहे काय? पेतेर यांनी दाखविले, की नाही. आधीच्या उत्तरांचा सगळा इतिहास एकाच संख्येत गुंफून ठेवता येतो, आणि मग लगतच्या आधीच्या त्या एका संख्येवर काम भागते. व्याख्येचे आणखी काही गुंतागुंतीचे प्रकारही अशाच रीतीने साध्या प्रकारात बसविता येतात, हे त्यांनी एकेक करून सिद्ध केले. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या व्याख्यांमागे एकच शक्ती काम करते, हे या निबंधांचे सार.

४.६ जेथे लूप अपुरे पडते

साहजिकच पुढील प्रश्न उद्भवतो: सर्वच प्रकार असे साध्या प्रकारात बसतात का? याचे उत्तर नकारार्थी आहे, हे जर्मन गणितज्ञ विल्हेल्म आकरमान यांनी १९२८ मध्ये एका फलनाच्या साहाय्याने दाखविले होते. ते फलन तीन संख्यांवर चालणारे आणि काहीसे अवजड होते. पेतेर यांनी १९३५ मध्ये दोनच संख्यांवर चालणारे सुटसुटीत फलन दिले. १९४८ मध्ये अमेरिकन गणितज्ञ राफाएल रॉबिन्सन यांनी त्यात आणखी थोडे सुलभीकरण केले. आज पाठ्यपुस्तकांत आकरमान यांच्या नावाने दिले जाणारे फलन बहुधा या सुलभ रूपातच असते, आणि म्हणून त्याला आकरमान-पेतेर फलन असेही म्हणतात.

त्याचे नियम तीनच आहेत. पहिली संख्या ० असेल, तर उत्तर म्हणजे दुसरी संख्या अधिक १. दुसरी संख्या ० असेल, तर पहिली एकाने कमी करावी, दुसऱ्या जागी १ ठेवावा आणि पुन्हा तेच फलन काढावे. दोन्ही ० नसतील, तर प्रथम दुसरी संख्या एकाने कमी करून फलन काढावे. जे उत्तर येईल ते दुसऱ्या जागी ठेवावे, पहिली संख्या एकाने कमी करावी आणि पुन्हा फलन काढावे.

१ आणि १ घेऊन पाहा. तिसऱ्या नियमानुसार आधी १ आणि ० चे उत्तर हवे. दुसऱ्या नियमानुसार ते ० आणि १ च्या उत्तराइतके, म्हणजे २. आता ० आणि २ चे उत्तर काढावयाचे, ते ३. म्हणून १ आणि १ चे उत्तर ३. ३ आणि ३ घेतले, तर उत्तर ६१ येते. ४ आणि १ घेतले, तर ६५५३३. आणि ४ व २ घेतले, तर येणारी संख्या १९,७२९ अंकी असते. ती या पुस्तिकेच्या पानांवर छापू लागलो, तर इतर मजकुराला जागाच उरणार नाही.

ही वाढ एवढी वेगवान का, हे समजून घेऊ. पुन्हा पुन्हा एक मिळविला, की बेरीज होते. पुन्हा पुन्हा बेरीज केली, की गुणाकार. पुन्हा पुन्हा गुणाकार केला, की घात. प्रत्येक पायरी चढताना एका लूपच्या आत आणखी एक लूप लिहावे लागते. आकरमान-पेतेर फलनातील पहिली संख्या म्हणजे ही पायरी. ती ठरलेली असेल, तर तितकी लूप एकात एक घालून काम होते. परंतु ती संख्या कितीही मोठी दिली जाऊ शकते. आज्ञावली लिहिताना मात्र लूप किती थरांचे ठेवावयाचे, हे आधीच ठरवावे लागते. किती फेऱ्या होणार हे सुरू होतानाच ठरलेले असते अशा लूपांचे कितीही थर रचले, तरी हे फलन त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. अशी लूप जे काढू शकतात ते सर्व आदिम पुनरावर्तनाने निघते, आणि उलटही खरे असते. संगणकाच्या भाषेत ही गोष्ट १९६७ मध्ये अल्बर्ट मेयर आणि डेनिस रिची यांनी मांडली.

येथे एक गैरसमज टाळावा. विशिष्ट अट पूर्ण होईपर्यंत चालणारे, फेऱ्यांची संख्या आधी न ठरलेले लूप वापरून आणि अपुऱ्या पायऱ्यांची नोंद स्वतः ठेवून हे फलन काढता येते. म्हणजे पुनरावर्तन जे करते ते अशा लूपलाही जमते. फरक असा, की पुनरावर्तनात नोंदी ठेवण्याचे काम भाषा करते आणि व्याख्या तीन ओळींत उरते.

१९३६ मध्ये पेतेर यांनी याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. एकाच वेळी दोन, तीन, चार संख्यांवर चालणारे पुनरावर्तन घेतले, तर प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा व्यापक असा नवा वर्ग मिळतो, हे त्यांनी सिद्ध केले. याच वर्षी अलोन्झो चर्च आणि अ‍ॅलन ट्युरिंग यांनी गणनक्षम म्हणजे काय, याची उत्तरे आपापल्या परीने दिली. पेतेर यांचे काम या काळातील संशोधनाच्या केंद्रस्थानी होते. १९३७ मध्ये तर्कशास्त्राला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या संपादनात त्यांना सहभागी करून घेण्यात आले. त्या वेळीही त्यांच्याकडे कायमची नोकरी नव्हती.

४.७ युद्धकाळ

१९३९ मध्ये हंगेरीत लागू झालेल्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे पेतेर यांना शिकविण्यास मनाई झाली. मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजांनी देशाचा ताबा घेतला. त्यानंतरच्या काही महिन्यांत चार लाखांहून अधिक ज्यूंना हंगेरीतून मृत्युछावण्यांकडे नेण्यात आले. बुडापेस्टमधील ज्यूंना त्या वर्षाच्या अखेरीस शहरातील एका कुंपणबंद वस्तीत कोंडण्यात आले. पेतेर यांनाही काही काळ तेथे राहावे लागले. त्या वाचल्या. त्यांची जवळची अनेक माणसे मात्र वाचली नाहीत.

अशा काळात, १९४३ मध्ये, त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ अनंताशी खेळ. मार्सेल बेनेडेक या साहित्यिक मित्राला गणित समजावून देण्यासाठी लिहिलेल्या पत्रांतून ते आकाराला आले. त्याचा वाचक गणितज्ञ नाही. साहित्य, कला, इतिहास यांत रमणारा, गणिताविषयी कुतूहल असलेला परंतु त्यापासून दुरावलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलेले आहे. बोटांवर मोजण्यापासून सुरुवात करून पेतेर या वाचकाला गोडेल यांच्या सिद्धान्तापर्यंत घेऊन जातात.

छापलेल्या प्रतींपैकी बऱ्याचशा बाँबहल्ल्यात नष्ट झाल्या. पुस्तक वाचकांच्या हाती पडण्यास युद्धाची अखेर व्हावी लागली. पुढे त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले. इंग्रजी अनुवाद १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकविण्याचा अधिकार काढून घेतलेल्या शिक्षिकेने त्याच वर्षांत न पाहिलेल्या वाचकासाठी शिकवणीचे पुस्तक लिहावे, ही गोष्ट दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

४.८ शिक्षिका आणि ग्रंथकार

१९४५ मध्ये बुडापेस्टच्या अध्यापक महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली. १९५५ मध्ये ते महाविद्यालय बंद झाल्यावर त्या शहरातील एओत्वोश लोरांद विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि १९७५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. तिबोर गल्लोई यांच्यासमवेत त्यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी गणिताची पाठ्यपुस्तकेही लिहिली. सिद्धान्त तयार स्वरूपात सांगण्यापेक्षा विद्यार्थ्याने तो स्वतः शोधावा, अशी त्यांची शिकविण्याची रीत होती. विद्यार्थी त्यांना रोझा नेनी म्हणत. नेनी हे हंगेरियन भाषेतील वडीलधाऱ्या स्त्रीचे संबोधन; आपण मावशी म्हणतो तसे.

१९५१ मध्ये पुनरावर्ती फलनांवरील त्यांचा ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. या विषयाला वाहिलेला हा पहिलाच स्वतंत्र ग्रंथ. त्याच वर्षी त्यांना कोशुत पुरस्कार मिळाला. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्या आपल्या सिद्धान्ताचा संगणकाशी असलेला संबंध तपासू लागल्या.

याच सुमारास संगणकाच्या भाषाही त्या दिशेने येत होत्या. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान या भाषेत पुनरावर्तनाची सोय नव्हती. तिच्यात पुनरावृत्तीचे काम लूपच करीत असे. १९६० मध्ये मात्र दोन गोष्टी घडल्या. अल्गोल ६० या भाषेत पुनरावर्तनाला स्थान मिळाले, आणि जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच पुनरावर्ती फलनांचा उल्लेख आहे. लिस्पमध्ये याद्या हाताळण्याची स्वाभाविक रीत पुनरावर्तनाची आहे: यादी रिकामी असेल तर थांबावे, नसेल तर पहिल्या घटकाचे काम करून उरलेल्या यादीला तोच नियम लावावा.

या रीतीतून पुढे आणखी एक पर्याय प्रचलित झाला. यादीतील प्रत्येक घटकाला एक क्रिया लावणे, अटीत बसणारे घटक निवडणे, आणि सर्व घटक मिळून एक उत्तर काढणे, ही तीन कामे इतकी वारंवार लागतात, की त्यांच्यासाठी तयार फलनेच भाषेत पुरविली जातात. आज्ञावली लिहिणारा फेरा लिहीत नाही. काय हवे तेवढे सांगतो. पुनरावर्तनाची किंमतही असते: अपुऱ्या नोंदींचा ढीग फार वाढला, तर स्मृती अपुरी पडते. म्हणून काही भाषांत अशी सोय असते, की पुनरावर्तन ही पायरीतील शेवटची क्रिया असेल, तर जुनी नोंद ठेवलीच जात नाही. १९७५ मध्ये निर्माण झालेल्या स्कीम या भाषेने हा नियम म्हणून स्वीकारला.

१९७३ मध्ये पेतेर हंगेरियन विज्ञान अकादमीवर निवडून आल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला गणितज्ञ होत. १९७६ मध्ये त्यांचा शेवटचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा विषय संगणकाच्या सिद्धान्तातील पुनरावर्ती फलने हाच होता. १६ फेब्रुवारी १९७७ रोजी, बाहत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

४.९ सारांश

रोझा पेतेर यांनी पुनरावर्ती व्याख्यांचे अनेक प्रकार तपासले. त्यांपैकी कोणते साध्या प्रकारात बसतात आणि कोणते बसत नाहीत, याची सीमा त्यांनी काटेकोरपणे आखली. ही सीमा आज्ञावलीच्या भाषेत मर्यादित फेऱ्यांच्या लूपची सीमा ठरते. ठरावीक फेऱ्यांच्या पलीकडील काम पुनरावर्तनाने किंवा अटीवर चालणाऱ्या लूपने करावे लागते.

या कामामागे असलेले आयुष्य पाहताना एक गोष्ट आपण नोंदवून ठेवावी. पेतेर यांनी एकदा गणित सोडले होते. आपले निष्कर्ष इतरांनी आधीच काढलेले होते, हे कळल्यावर त्यांना तो मार्ग संपल्यासारखा वाटला. त्या परत आल्या त्या जुन्या प्रश्नांकडे नव्हे. एका मित्राने दाखविलेल्या नव्या प्रश्नाकडे. आपणही शिक्षणाकडे मधल्या काही वर्षांच्या खंडानंतर वळला असाल, तर त्या परत येण्याचे मोल आपण स्वतःच जाणता.

४.१० पारिभाषिक शब्द

फलन : दिलेल्या संख्येवरून ठरावीक उत्तर देणारा नियम.
पुनरावर्तन : व्याख्येत तीच व्याख्या लहान प्रश्नासाठी पुन्हा वापरणे.
आदिम पुनरावर्तन : लगतच्या आधीच्या उत्तरावरून पुढील उत्तर काढण्याचा साधा प्रकार.
लूप : अट पूर्ण होईपर्यंत किंवा ठरावीक वेळा त्याच आज्ञा फिरवणारी रचना.

४.११ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. सहा मात्रांचा चरण लघु-गुरूंच्या किती रचनांनी भरता येईल? नियम लावून उत्तर काढा आणि मग सर्व रचना लिहून पडताळा पाहा.
२. आकरमान-पेतेर फलनात पहिली संख्या १ आणि दुसरी २ घेतल्यास उत्तर काय येते? प्रत्येक पायरी लिहा.
३. गोष्टीतली गोष्ट असलेली एखादी कथा निवडा. तिच्यातील थांबलेल्या आणि पुन्हा सुरू झालेल्या गोष्टींचा क्रम लावा आणि त्याची पुनरावर्तनाशी तुलना करा.
४. रोझा पेतेर यांच्या जीवनातील साहित्याचे स्थान २५० शब्दांत स्पष्ट करा.
५. आपल्या परिचयातील, अनेक वर्षांनी आपल्या विषयाकडे परतलेल्या व्यक्तीचे चरित्रपर टिपण ३०० शब्दांत लिहा.